हूक कुठे आहे?

ती. ताईस नमस्कार,

मी धडधाकट आहे, हे आधी वाच.

उंचीवर काम करणाऱ्यांचं प्रशिक्षण चालू आहे. जेवण वेळेवर मिळतं. तुझी कंबर कशी आहे? भाऊजी अजून स्टुलावर चढून पंखा पुसतात का?

काल सरावाच्या मनोऱ्यावर चढलो. सर खालून ओरडले, "हूक कुठे आहे?" मी ऐटीत म्हटलं, "लावलाय की!" बघतो तर पडलो तर धरून ठेवणाऱ्या दोरीचा हूक खांबाला नाही, माझ्याच पट्ट्याच्या कडीत अडकवलेला! सगळे हसले, मीही हसलो.

पण ताई, सहा वर्षं चढतोय. असा कितीदा चढलो असेन? तेव्हा विचारायला खाली कुणी नव्हतं.

आता दाराची कडीसुद्धा तीनदा ओढून बघतो.

प्रशिक्षण आज संपतंय, उद्या परत कामावर. भाऊजी स्टुलावर चढले की तू खाली उभी राहत जा.

तुझा धाकटा