यंत्र आपोआप सुरू होते

प्रिय ठमे,

काल फोनवर तू हसलीस, आणि मला रागही येईना. मी एवढंच म्हटलं होतं की तुमच्या वॉर्डातल्या नव्या पंपांची वीज जाऊन आली, तर पंप बंद कर आणि औषधाचा वेग पुन्हा भर. त्यावर तू म्हणालीस, "ताई, तुझ्याच पुस्तिकेत लिहिलंय काळजी नको म्हणून! आता तुझं ऐकू की तुझं?" मागे तुझ्या मैत्रिणीही खिदळल्या. म्हणून सविस्तर लिहिते आहे. भाषण वाटलं तर वाटू दे. माझं साधं बोलणंही तुला लहानपणापासून भाषणच वाटत आलंय.

कंपनीनं ती पंपाची पुस्तिका सोप्या भाषेत करायला माझ्याकडे दिली तेव्हा काय दशा होती तिची! शिरेत थेंबाथेंबानं औषध सोडणारा, बॅटरीसुद्धा नसलेला स्वस्त पंप, तो चालवणार तुझ्यासारखी धावपळीतली नर्स, आणि वाक्यं अशी की वाचून होईतो पेशंट बरा होऊन घरी जावा. मी एकेक वाक्य सोलत बसले. आमच्या कामाची रीत अशी की पान लिहून झालं की यंत्र कधी न पाहिलेल्या माणसाला समोर बसवायचं, पान हातात द्यायचं आणि आपण तोंड शिवून घ्यायचं. तो अडला तर चूक आपली. आमची रिसेप्शनिस्ट अडायची, मी पान फाडायचे. शेवटी तिनं न अडखळता पंप लावला आणि मला म्हणाली, "आता मलाच नर्स करा."

एकच वाक्य सोलता येईना. "वीज-खंडानंतरच्या पुनरारंभी संचित प्रचल ग्राह्य धरले जातात." म्हणजे काय? प्रोग्रॅमरला विचारलं. तो मान वर न करता म्हणाला, "ताई, ते आहे तसंच राहू द्या." मी कसली सोडतेय! अखेर त्यानं चालू पंपाची वायर काढली, पुन्हा लावली. पडद्यावर आकडा बरोबर होता, पण थेंब भराभर पडत होते, त्याआधी भरलेल्या जुन्या वेगानं; म्हणजे वॉर्डात आधीच्या पेशंटच्या वेगानं. बोजड भाषा अडाणीपणातून येते असं मी इतकी वर्षं ओरडून सांगत आले. नाही गं. पुष्कळदा ती शहाण्या माणसांनी मुद्दाम राखलेली अंधारी खोली असते.

मी तिथे ठळक अक्षरांत इशारा लिहिला. साहेब म्हणाले, "बाई, तुम्हाला भाषा सोपी करायला ठेवलंय, गिऱ्हाईकं पळवायला नाही." मी टेबलावर हात आपटला. ते एकदम मऊ झाले. "बरं, राहू दे तुमचा इशारा." तेव्हाच पाल चुकचुकली होती. छापील प्रत आली, त्यात इशारा गायब. त्या जागी, "वीज आल्यावर यंत्र आपोआप सुरू होते. काळजी नको." छोटं, सरळ, हुबेहूब माझ्यासारखं. माझी भाषा शिकून घेतली कुणीतरी. जुनी पुस्तिका कळत नव्हती, म्हणून नर्स भीत होत्या, वीज आली की सगळं पुन्हा भरून तपासत होत्या. आता ती भीती उरलेली नाही.

ठमे, आज ऑफिसात बातमी आली. दुसऱ्या एका हॉस्पिटलात वीज गेली, आली, आणि एक पेशंट दगावला. नर्सला घरी बसवलंय. तुझ्याच वयाची आहे म्हणे. कंपनीचं उत्तर तयार आहे: पुस्तिका इतकी सोपी असताना चूक नर्सचीच. पुस्तिका स्पष्ट आहे, असं लिहून त्याखाली माझी सही मागितलीय. ती मी देणार नाही. सही करते आहे ती या पत्राखाली. नोकरी जाईल, जाऊ दे. रविवारी तुमच्याकडे विजेचं काम आहे म्हणालीस. त्याआधी हे पत्र मोठ्या डॉक्टरांच्या हातात दे. तेही हसले, तर पेशंटला न लावलेला एक पंप त्यांच्यासमोर ठेव. आधी एक वेग भर, मग दुसरा, आणि वायर काढून पुन्हा लाव. आकड्याकडे नको, थेंबांकडे बघायला सांग.

तुझीच,
ताई