साहेबांपुढचं लोटांगण

ती. दादास साष्टांग नमस्कार.

(हा कागदावरचा. खरे सगळे हल्ली ऑफिसच्या फरशीला घालतो.) तुझा गुडघा काय म्हणतो? वहिनींचा खोकला गेला का? माझी तब्येत दिसायला फारच सुंदर आहे. ऑपरेशन करून पोट लहान केल्यापासून जुन्या शर्टात माझ्यासारखे दोघे मावतात, आणि जन्मभर मला ढोल्या म्हणणारेच आता 'बरं नाही का?' म्हणून विचारतात.

त्यात हे चक्कर येणं. बसलेला उठलो, की डोळ्यांपुढे अंधार आणि थेट जमीन. आमच्याकडे साहेब आले की सगळ्यांनी उठून उभं राहायचं असतं. मागे ते आले, मी उठलो आणि सरळ त्यांच्या बुटांवर कोसळलो. त्यांना वाटलं, पाया पडतोय. "अरे, राहू दे, राहू दे," म्हणाले आणि (देवाशपथ) माझ्या डोक्यावर हात ठेवला! पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. हेडक्लार्कची जागा रिकामी, म्हणून माझं हे चाललंय असा सगळ्यांचा समज. मला आता 'लोटांगण' म्हणतात. ज्यांच्याबरोबर इतकी वर्षं डबा खाल्ला, ते माझं टेबल टाळतात. (डबा तरी कसला, चार घास.) त्या दुसऱ्या वेळी शुद्धीवर येताना एवढंच कानावर पडलं, "एकट्यानं उचलला, किती हलका झालाय!"

सर्जनकडे गेलो. त्यांनी वजनकाट्यावर उभं केलं आणि माझं अभिनंदन केलं. चक्कर येते म्हटलं, तर म्हणाले, हळू उठत जा. (साहेब हळू येत नाहीत, हे त्यांना कोण सांगणार!) मग निघता निघता विचारलं, रक्तदाबाच्या जुन्या गोळ्या अजून घेता? बंद करा.

त्या गोळ्या, दादा, तू तुझ्या औषधांच्या दुकानातून न चुकता पाठवतोस. जो जाडा माणूस आता जगातच नाही, त्याचा रक्तदाब तू अजून उतरवतोयस. ऑपरेशनही तुझ्याच आग्रहाचं, हे विसरू नकोस. भावानं भावाला लोळवावं तर असं! पुन्हा पाठवलंस तर पार्सल परत करीन.

वहिनींना नमस्कार.

तुझा उरलासुरला भाऊ

ता. क. हेडक्लार्कची जागा मलाच मिळाली. आता साहेबांच्या समोरच बसायचं.

आणखी एक ता. क. गोळ्या मी सर्जननी सांगितलं त्याच दिवशी बंद केल्यात. तरी काल बाथरूममध्ये पडलो. दार आतून बंद, घरात मी एकटा. फरशीवर पडल्या पडल्या तुलाच हाक मारली. वर एवढं बोललो, कारण रागात असलो की भीती वाटत नाही. पार्सल नको. तू ये.