क्लबातलं सिचुआन जेवण

आई,

परवा आमच्या गंगापूर रोडच्या क्लबात सभासदांसाठी चिनी जेवण होतं. गाडीवरचं शेजवान नव्हे, चीनच्या सिचुआन प्रांतातलं, तिथल्या पद्धतीचं. मुंबईहून आचारी आला होता. लाल तेलात बुडालेलं टोफू, म्हणजे सोयाबीनचं पनीर, वाढताना त्याने सांगितलं की यातली मिरी जीभ बधिर करते, घाबरू नका. दोन घासांत ओठांना मुंग्या आल्या. मग मीठ लागेना, आंबट लागेना, तोंडात नुसतं काहीतरी मऊ फिरत राहिलं. टेबलावरचे सगळे एकमेकांना जीभ दाखवून हसत होते. मी घास तसाच तोंडात धरून बसलो, कारण मला तू दिसलीस.

तुझ्या घशाला रेडिएशनचे शेक चालू होते, तेव्हाची दुपार. बाबा आधीच गेलेले, ताई सासरी, आणि तेविसाव्या वर्षी मी आयुष्यात पहिल्यांदा मुगाची खिचडी केलेली. एरवी तू माझ्याशी शहरातल्यासारखं बोलायचीस, पण दुखायला लागलं की नामपूरची, माहेरची बोली यायची. एक घास घेतेस, चमचा खाली ठेवतेस आणि म्हणतेस, "माले चव लागत नही रे, भाऊ." मला वाटलं, नावं ठेवतेयस. मी म्हणालो, "माझ्या हातचं नको असेल तर सरळ सांग. नाटकं करू नकोस." तू चमचा पुन्हा उचललास. पाण्याच्या घोटाबरोबर एकेक घास ढकलत ताटली संपवलीस. दुसऱ्या दिवसापासून मी न विचारताच म्हणायला लागलीस, "आज छान झालीय." एकदा मी मीठच घालायला विसरलो होतो, त्या दिवशीही म्हणालीस. नंतर पातेल्यातली खरवड खाताना ते माझ्या लक्षात आलं. वाटलं, माझं मन राखतेयस. तुला खरोखरच काही कळत नसेल, हे मनातही आलं नाही. दोन महिन्यांनी तू गेलीस.

माझी जीभ अर्धा तास बधिर होती. तुझी शेवटपर्यंत. आणि त्या जिभेने तू रोज माझं कौतुक केलंस.

हे लिहून झालं की कपाटात ठेवीन, ताईलाही दाखवणार नाही. एक मात्र सांगून टाकतो. शेवटी सीताफळाचं आइस्क्रीम आलं, तोवर माझी चव परतली होती. ते फार गोड लागलं, आई, आणि मी आणखी मागून घेतलं.