सातव्या पानावरचं वाक्य

आबा,

गुरुजी गेले. काल गावाकडून भाच्याचा फोन आला आणि तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. साताऱ्याच्या या दोन खोल्यांत नुसत्या येरझारा चालल्यात, सकाळपासून दोनदा चहा उतू गेला. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली. तुम्हाला एक गोष्ट सांगायची मी उद्या-उद्या करत राहिले. आता गुरुजीही गेले, म्हणजे जिथं सांगून काही उपयोग होता ती दोन्ही दारं बंद झाली. म्हणून वही ओढून बसले आहे.

त्र्याहत्तर साल असावं. मी नववीत. सांगलीला वक्तृत्व स्पर्धा होती आणि आपल्या शाळेतून मला पाठवायचं ठरलं. तेव्हाची रीत तुम्हाला ठाऊकच आहे: भाषण गुरुजींनी लिहून द्यायचं आणि पोरांनी ते घोकून धडाधड म्हणायचं. गुरुजींनी निळ्या शाईत आठ पानं लिहून दिली. विषय फ्रान्सचा तो बादशहा, क्रांतीनं राजाचं डोकं उडवल्यावर फौजेच्या जोरावर वर चढलेला. आई चुलीपुढं भाकरी थापायची, मी उंबऱ्यात उभी राहून भाषण म्हणायची आणि तुम्ही भिंतीला पाठ लावून ऐकायचा. तुम्ही तोफखान्यातले निवृत्त हवालदार. तोही तोफखान्यातूनच वर आला हे ऐकल्यावर तुम्ही मांडीवर थाप मारलीत. "मग त्यो आपलाच गडी की गं!" राज्याभिषेकाला त्यानं मुकुट स्वतःच्याच हातानं डोक्यावर ठेवला, यावर तर तुम्ही इतके हसलात की आईचं लक्ष उडून भाकरी करपली. "म्हंजी सोताच्या बाहीवर सोताच पट्टी शिवली म्हन! आमच्या पलटणीत आसं कुनी केलं आस्तं तर लय मार खाल्ला आस्ता." आठवडाभर आपल्या घरात त्या परक्या माणसाचं कौतुक चाललं होतं.

मग रशिया आला. मी म्हणतेय: बर्फ, उपाशी घोडी, वाटेवर गोठलेले शिपाई, आणि बादशहा फौज मागं टाकून बर्फावरच्या घसरगाडीतून राजधानीकडं निघतो. तुम्ही हसत नाही. "माघारी येताना गिनती कुनी घेतली?" तुम्ही विचारता. मी म्हणते, "पुस्तकात न्हाई, आबा." "लिवाय पायजे हुतं," एवढंच बोलून तुम्ही उठता.

गिनती हा शब्द तुमच्याबरोबर फौजेतून आपल्या घरी आला होता. जेवायच्या आधी तुम्ही घरातली सगळी माणसं मोजायचा आणि एक जरी कमी असलं तरी ताटाला हात लावायचा नाही. बासष्टच्या लढाईत बर्फातून माघार घेताना आपल्या समोरच्या घरातला तुमचा जोडीदार मागं राहिला आणि तुम्ही परत आलात. तो कसा राहिला हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत, मग गावानं आपल्या मनानं सांगायला सुरुवात केली. स्पर्धेच्या दोन दिवस आधी त्याची मुलगी, माझ्याच वर्गातली, आडावर सगळ्या बायकांदेखत मला म्हणाली, "तुझं आबा पळून आलं, म्हनून तू मिरवतीस. माझं आबा कवा यायचं?" मला राग आला, पण तिचा नाही आला, तुमचा आला. आजही तो आठवला की माझी मलाच लाज वाटते.

सांगलीला तुम्ही पदकं लावलेला कोट घालून दुसऱ्या रांगेत बसलात. शेजारी गावातली चार माणसं, त्यात त्या मुलीचे चुलते. गुरुजी व्यासपीठाच्या कडेला उभे होते. मी घसरगाडीपर्यंत आले आणि म्हणाले, "आपली माणसं बर्फात टाकून जो स्वतःचा जीव घेऊन पळाला, त्यानं छातीवर कितीही पदकं लावली तरी त्याला शिपाई म्हणू नये!" टाळ्या पडल्या. गावची माणसं मात्र टाळ्या वाजवायच्या सोडून तुमच्याकडं बघायला लागली. तुम्ही एकेक पदक काढून खिशात टाकलंत. मला वरून सगळं दिसत होतं आणि मी बोलतच राहिले. त्याची शेवटची लढाई, समुद्रातल्या बेटावरची कैद, तिथलं एकट्याचं मरण, कुठं म्हणून अडखळले नाही. पहिला नंबर माझा आला.

एसटीनं आपण परत आलो. घरी आईनं पानं मांडली तेव्हा मी गोठ्यात जाऊन बसले होते. तुम्ही दाराशी आलात. "चल पोरी. गिनती आपुरी हाय." मी रडत म्हणाले, "आबा, गुरुजींनी लिवून दिलं तसं म्हनले मी." तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात. "व्हय गं. लेकराचा काय दोस त्यात." मग ताटावर बसल्यावर, कुणी काही विचारलं नसताना, तुम्ही भाकरीकडं बघत बोललात, "दोन डाव मागं गेलो हुतो मी त्याला हुडकाय. तिसऱ्यांदा सायबानं जाऊ दिलं न्हाई." आयुष्यात तेवढंच.

त्यानंतर गुरुजी रस्त्यात "रामराम हवालदार" म्हणायचे आणि तुम्ही मान फिरवून जायचा. मरेपर्यंत तुम्ही त्यांच्याशी बोलला नाहीत. कशामुळं ते त्यांना कळलं असणार, दुसऱ्या रांगेतलं सगळं त्यांनीही पाहिलं होतं. पण त्यांनी कधी खुलासा केला नाही की मला एका शब्दानं जाब विचारला नाही. तुमच्या मातीला ते आले आणि सगळ्यांच्या मागं, बाभळीखाली उभे राहिले. मी बघितलं आणि गप्प बसले. पुढं मीही इतिहासच शिकवला, तीस वर्षं. दरवर्षी रशियाचा बर्फ आला की मी पोरांना ती दोन पानं घरून वाचून यायला सांगायची.

आज पेटीतून ती आठ पानं काढली. शाई अजून निळीच आहे. हे पत्र त्यांच्यातच घालून पेटी परत लावून टाकणार आहे, दुसरीकडं कुठं पाठवू? सातव्या पानावर गुरुजींनी लिहिलंय, 'बादशहा राजधानीस परतला', आणि त्यांचं रशियाचं प्रकरण तिथंच संपतं. पुढचं वाक्य समासात आहे, पेन्सिलीनं. अक्षर माझं आहे, आबा.