छातीएवढ्या खाटेची तपासणी

ओंगार, डब्लिन
कार्तिक वद्य पंचमी, सन २०१२

चि. सौ. अलकनंदा हिला थोरल्या जावेकडून आशीर्वाद, रागात असले तरी ते खरे आहेत.

तुझे गुडघे, भाऊजींचा खोकला आणि काळी म्हैस यांची खुशाली कळव, म्हशीची आधी. (खोकला चाळीस वर्षं ऐकतेय, त्यात नवीन काही नसणार.) तुझ्या माधवीला सातवा लागला असेल, सुनेला हंडे उचलायला लावू नकोस. मी हर्षवर्धनकडे बरी आहे. माझा मुलगा डॉक्टर, पण माझं औषध वेळेवर देते ती सून, गिरिजा. थंडी हाडात शिरते. झाली विचारपूस. आता खाली बस आणि वाच, कारण मला तुझा भयंकर राग आलाय.

आपल्या गावात बाळंतपणाची खोली बांधून दिली ती आमच्या गिरिजाच्या संस्थेने, हे तुला ठाऊक आहेच. पण ही श्रीमंत माणसं दिलेली मदत मागाहून तपासतात, हे मला इथे येऊन कळलं. आणि तपासतं कोण? दुसरे श्रीमंत! यंदा दुसऱ्या दोन देशांतले साहेब येऊन यांचं काम बघणार, पुढे कधीतरी हे जाऊन त्यांचं बघणार. म्हणजे विहिणींनी एकमेकींच्या स्वयंपाकाला नावाजायचं, आणि जेवणारा उपाशी उठला का ते विचारायचं नाही. मी गिरिजाला तसं तोंडावर म्हटलं. तर म्हणते, "आई, विचारतो ना आम्ही. गावातल्या बायकांनी फॉर्म भरून दिलेत. तुम्हीच चला मीटिंगला." (नऊवारी नेसून या, असंही सुचवलं. गावची बाई हॉलमध्ये असली की शोभा येते. खालून वारा कुणाला लागतो ते शोभेला काय कळणार!)

सिटीवेस्टच्या एका हॉटेलात मीटिंग होती. समोरच्या भिंतीवर ही मोठी तू! डोक्यावर पदर, हातात हळदीकुंकवाचं ताट, मागे ती खाट, तिच्यावर कडक इस्त्रीची चादर आणि झेंडूची माळ. खाट आहे की नवरदेवाची गाडी? गिरिजाने रिपोर्ट वाचला. मग मला हळूच मराठीत सांगितलं, बायका पूर्ण समाधानी आहेत, खोली वापरात आहे, यापुढे मदतीची गरज नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

समाधानी? अलके, ती खाट माझ्या छातीला लागते! दिवस भरलेली बाई तिच्यावर चढणार कशी, शिडी लावून? नर्स तर एकही दिवस उगवली नाही. खोलीची किल्ली तुझ्या कमरेला आणि खाटेवर तुझ्या कुरडया वाळताहेत. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात बाळासाहेबांची मृणालिनी घाटाच्या वळणावर जीपमध्ये बाळंत झाली, ड्रायव्हर बिचारा दरीकडे तोंड करून उभा. हे सगळं डोळ्यांनी बघून वैशाखात ती तपासनीस बाई आली तेव्हा तुम्ही काय सांगितलंत? "छान आहे." वर तिला पुरणपोळी, वर तूप, वर खणानारळाने ओटी! पाहुणी लांबून आलीये, प्रेमाने विचारतेय, तिला वाईट कसं सांगायचं! अगं, ती तुझी विहीण होती का? तपासायला आली होती ती. तुमच्या त्या एका छानने नर्स येण्याची वाट बंद झाली. (मी तेव्हा आत पोळ्या लाटत होते, म्हणून वाचलात.)

मी उभी राहिले. पाच मिनिटं बोलले, तुझ्या कुरडयांसकट सगळं. गिरिजाने त्याचं इंग्रजी केलं एका ओळीत. पाहुणे हसून माना डोलवायला लागले. चौथी शिकलेय मी, पण आभार मानलेले मला कुठल्याही भाषेत कळतात! मग म्हटलं, राहू दे भाषा. चहाचं टेबल होतं उंच, उभ्याने प्यायचं असतं तसलं. त्यावरच्या कपबश्या बाजूला केल्या, कोट गुंडाळून पदराखाली पोटाशी खोचला आणि कळा देत, कण्हत टेबलावर चढायला लागले. एक पाय वर, एक पाय अधांतरी, नऊवारीचा कासोटा सगळ्या देशांसमोर! एक म्हातारे आयरिश गृहस्थ धावत आले, माझं कोपर धरून "ग्रँड, यू आर ग्रँड" म्हणायला लागले. (इथे पाऊस असो, पाय मोडो, सगळं ग्रँडच, म्हणजे आपलं छान. तुमचं छान यांना खरं वाटलं त्यात नवल नाही.)

हॉलमध्ये कुणी हसलं नाही. तपासायला आलेल्यांपैकी एक उंच बाई उठली आणि तिने गिरिजाला काहीतरी विचारलं. गिरिजा लाल झाली, आणि मग मात्र तिने सगळं सांगितलं. जीपसुद्धा. बाई म्हणाली, मग नर्स का नाही दिली? तर यांचा नियम असा की भिंती देता येतात, पगार देता येत नाही. भिंतीचा फोटो निघतो ना! मी म्हटलं, मग भिंतीला सांगा बाळ झेलायला. हे मात्र गिरिजाने शब्दाला शब्द सांगितलं.

घरी दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. नोकरी तिची, खोली गावाला मिळावी म्हणून भांडलेली तीच. तिसऱ्या दिवशी ताटात कढी वाढताना म्हणाली, "पडला असतात म्हणजे?" मी म्हटलं, पडले असते तर फोटो तरी खरा निघाला असता. मग दोघी जेवलो.

तुझी,
पद्मिनी

ता. क. ती उंच बाई मार्गशीर्षात स्वतः आपल्याकडे येतेय. गावातल्या बायकांनी आपल्या तोंडाने 'नर्स नाही, खाट उंच' असं सांगितलं तर नियम बाजूला ठेवून पौषाच्या आत नर्स देऊ, असं तिने गिरिजाच्या संस्थेकडून लिहून घेतलंय. माधवीचे दिवस पौषातच भरतात, हे मी तुला सांगायला नको. चादर घालू नकोस, खोली झाडू नकोस. पुरण शिजवलंस तर तुझं माझं संपलं.

ता. क. दुसरा. गिरिजाने काल तो फॉर्म काढून दाखवला. 'छान' खाली पाच सह्या आहेत. पहिली माझी आहे, सगळ्यांत मोठी. पोळ्या लाटत होते हे खरं, पण बाईने बोलावलं तेव्हा हात पुसून बाहेर आले होते. तिने माझ्या पोळीला नावाजलं गं. वर तुला जे बोलले त्यातलं निम्मं माझ्या नावावर लाव.

ता. क. शेवटचा. सही माझी म्हणून मलाही तिकडे पाठवायचं का, असं गिरिजा विचारत होती. मी नको म्हटलं. ती बाई आपल्या ओटीवर बसून चहा पीत गोड बोलली की मी पुन्हा छानच म्हणेन, आणि तूही म्हणशील. म्हणून मी इथेच राहते, तू आत बस. माधवीला पुढे कर. तिला भीड परवडणार नाही.