रिकामी खुर्ची

मंगळवार, जेवणाआधी

चैन पडत नाहीये. दुपारी चॅनलवरच्या नव्या पोरांना एका जुन्या ब्रिटिश चर्चेच्या कार्यक्रमाचा इतिहास शिकवला. कित्येक दशकं चाललाय. मंत्री आला नाही तर त्याची रिकामी खुर्ची कॅमेऱ्यासमोर ठेवायचे, प्रश्न तिलाच! पोरं खूश.

संध्याकाळी इंदूरच्या खोदलेल्या रस्त्यांवर आमची चर्चा. बोलावलेले महापालिकेचे मोठे साहेब आलेच नाहीत. मी म्हटलं, खुर्ची राहू द्या. संपादकजी म्हणाले, "अरे भिया, खाली खुर्ची दिसली तर साहेब बुरा मानतील." उचलायलाच लावली. मी एकटाच बडबडलो. पोरं काचेमागून बघत होती. उद्या त्यांना काय शिकवू?

घरी आलो तर आई टीव्हीसमोरच. म्हणाली, "आज एकच खुर्ची? साहेबांना बोलावलंच नाहीत का रे तुम्ही?"