लाल समासाचा कागद

आबा, या महिन्यात परीक्षणासाठी पाच पुस्तकं आली. त्यातलं एक वाचल्यापासून तुमच्याशी बोलायचं राहून जातंय, म्हणून आज वही घेऊन बसले.

तुम्ही गेल्यानंतर मी हे काम धरलं, त्यामुळे तुम्हाला ठाऊक नाही. धुळ्याकडच्या एका साप्ताहिकात मी नव्या पुस्तकांवर लिहिते. सुरतेत बसून मराठी पुस्तकांचे दोष काढते, असं आई म्हणायची. या खेपेला एक रहस्यकथा होती, तिच्यातला खुनी मला तिसाव्या पानावरच सापडला, पोलिसांना मात्र तीनशे पानं लागली. एक ऐतिहासिक कादंबरी, जिच्यात घोड्याला पाणी पाजणारा माणूससुद्धा भाषण ठोकतो. एक प्रेमकथा, बरी होती. एका डॉक्टरांच्या आठवणी, ज्यांत रोगी कमी आणि सत्कार जास्त. सगळ्यांवर लिहिलं आणि कुणाचीही भीड ठेवली नाही. ते तुमच्याकडूनच घेतलेलं. इथल्या पांडेसऱ्याच्या कापड मिलमध्ये तुम्ही कापड तपासायच्या टेबलावर होतात, मी डबा घेऊन यायची आणि तुम्ही काचेखालच्या दिव्यावर ताका सरकवत मला सांगायचात, "कापड पहिलं उलटी बाजूनी देख. सुलटं तं सर्वासले दिसस." डाग दिसला की किनारीला पांढरा दोरा बांधायचा, म्हणजे घेणाऱ्याला न उलगडताच कळतं की आत इथे खोट आहे. "डाग दिसना का दोरा बांध. कोना शे ते इचारानं नही." मी पुस्तकं अशीच वाचते. खटकलेल्या पानात खूण म्हणून दोराच घालते, कागदाची पट्टी मला चालत नाही.

पाचवं पुस्तक शंभर पानांचं, स्वतःच्या खर्चानं छापलेलं. लिहिणारी शिरपूरकडच्या एका गावात परिचारिका आहे, आणि आठवणी तिच्या वडिलांच्या आहेत. चौथ्या पानावर आपली गल्ली आली, सार्वजनिक नळ आला. पूर्वी तुमच्याबरोबर रंगखात्यात होते ते काका, ज्यांच्या अंगावर मशीनचं झाकण उडून उकळतं रंगाचं पाणी पडलं, ही त्यांची मुलगी. माझ्याहून दोन वर्षांनी लहान. तिच्या केसांना माझ्या आईनं कितीदा तेल लावलं होतं. काका तिसऱ्या दिवशी गेले आणि महिन्याभरात ते कुटुंब गावाकडे निघून गेलं. टेम्पोच्या मागे ती उलटी बसली होती, आमच्याकडे तोंड करून.

पुस्तकाच्या मध्यावर एका कागदाचा फोटो आहे. साक्षीदाराचा जबाब. काका दारू पिऊन कामावर आले होते आणि चूक त्यांचीच होती, असं त्यात लिहिलंय. त्या कागदामुळे त्यांच्या घराला भरपाई म्हणून काहीच मिळालं नाही. खाली तुमची सही, वाकडीतिकडी, तेवढीच तुम्हाला यायची. मुलगी लिहिते की सही करणाऱ्यावर माझा राग उरलेला नाही, त्याचंही पोट होतं. पण ऑफिसात सगळे गुजराती, तिथे इतकं सुंदर मराठी अक्षर कुणाचं होतं? आणि ऑफिसच्या कागदाला शाळेच्या वहीसारखा समास कुणी आखला? हे कोडं तिनं अकरा पानं उगाळलंय.

आबा, तो समास मी लाल पेन्सिलीनं आखला होता. सहावीत होते. संध्याकाळची वेळ, आई ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापत होती. ऑफिसनं सांगितलं होतं की जबाब तुमच्याच भाषेत, घरून लिहून आणा, म्हणजे खरा वाटेल. तुम्ही म्हणालात, "मी सांगस तसं लिख. तो पियेल व्हता." आई चुलीकडेच बघत म्हणाली, "तो तं च्या बी पेत नही." तुम्ही तिच्याकडे पाहिलंच नाही. मी पेन थांबवलं, तेव्हा माझ्या डोक्यावर हात ठेवलात. "लिख माय. आपले आठेच, याच मिलमा ऱ्हावानं शे." मी लिहिलं. एकही खाडाखोड केली नाही. अक्षर छान आलं म्हणून मला आनंद झाला होता, हे आज लिहिताना लाज वाटते. पुढच्या महिन्यात तुम्ही रंगखात्यातून तपासणीच्या टेबलावर आलात. मला बढती वाटली आणि मी गल्लीभर सांगत सुटले. म्हणजे ते दोऱ्याचं शहाणपण तुम्ही मला त्या कागदानंतर शिकवलंत. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तुमचा पीळ बहुधा जळाल्यावरच आला. मला तुमचा राग येतो, आबा. आणि त्याच टेबलावरच्या पगारावर मी शिकले, म्हणून तो धड येतही नाही.

परीक्षण गेल्या आठवड्यात छापून आलं. भाषा साधी आणि जिवंत, असं मी लिहिलं, ते खरं आहे. पुढे लिहिलं की जबाबाच्या कागदाचं प्रकरण लांबलंय, अक्षराचा शोध कथनाला कुठे नेत नाही, ते गाळलं असतं तर पुस्तक आटोपशीर झालं असतं. डाग दिसला आणि मी ताका घडी घालून ठेवून दिला.

काल तिचा फोन आला. नंबर तिनं साप्ताहिकाकडून मिळवला होता. लग्नानंतरच्या आडनावामुळे तिनं मला ओळखलं नाही. मला वाटलं, भांडेल. ती म्हणाली, "ताई, मी काही शिकेल लेखिका नही. तुम्ही एवढं मन लावून वाचलं, कोन वाचतं? बरोबर शे तुमचं. दुसऱ्या आवृत्तीत ते प्रकरण काढून टाकते. फोटोबी काढते." मग तिनं विचारलं, "काढू ना, ताई?"

मी म्हटलं, काढा.

हे पत्र खरं तर तिला लिहायला हवं होतं. तुम्हाला लिहिलं, कारण तुम्ही ते वाचणार नाही याची मला खात्री आहे. आणि आत्ता पहिल्या पानाकडे लक्ष गेलं, आबा. लिहायला बसताना मी सवयीनं आधी समास आखलाय.